नाव न घेता मागितलेला पासपोर्ट

आमचं बायकांचं भजन दर सोमवारी दुपारी, वर्ध्यात आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात. चार अभंग झाले की टाळ खाली ठेवायचे आणि गंगाकाकूंनी विचारायचं, "सुमन, तुह्या पासपोर्टाचं काय झालं व?" तीन वर्षं या प्रश्नाला उत्तर नव्हतं, पण सांगायला गोष्ट मात्र दर सोमवारी नवी! फडताळात रिकाम्या डब्या साठतात, टाकवत नाहीत, तशाच या गोष्टी साठल्या.

हे विलायतेत होते. सूतगिरणीच्या यंत्रांचं शिकायला दोन वर्षांसाठी म्हणून गेले, तिथेच नोकरी लागली. मग पत्र आलं, "आता तूच इकडे ये." मी लगेच अर्ज केला, सोळा सोमवार धरले. हे गेल्यापासून घरात मी आणि देव.

कणीक मळताना हात मात्र दोघांच्याच अंदाजाने चालायचा. उरलेल्या पोळ्या शेजारच्या गाईला. गाय अंगाने अशी काही सुटली की तिचे मालक एकदा कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, तुमचं जाणं लांबलं तं आमच्या गाईचं बरंच हाय!"

*

गावाबाहेर सूतकताई शिकवणारं एक केंद्र होतं. तिथे लांबलांबचे गोरे लोक येऊन राहत. त्यांतल्या हेलनबाई इंग्रज, पेशाने नर्स. भजन ऐकायला यायच्या आणि मांडी घालून आमच्याहून ताठ बसायच्या.

काकूंनी त्यांना विचारलं, "बाई, तुमाले पासपोर्ट किती दिवसांत भेटला?"

"दहा दिवसांत. फॉर्म भरला. आमच्या चर्चचे पाद्री मला लहानपणापासून ओळखतात, त्यांनी सही केली. पोस्टाने घरी आला."

मग काकू म्हणाल्या, "पाद्रीबुवाची सही चालते, तं आपल्या पुजारीबुवाची काऊन नाई चालणार?"

पुजारीबुवांनी आनंदाने दाखला लिहून दिला. "सदर बाई सोळा सोमवार कडक पाळतात. सोमवारी मीठसुद्धा खात नाहीत. करिता विलायतेस जाण्यास योग्य आहेत."

कचेरीतल्या कारकुनाने तो दोनदा वाचला. "मिठाचं ठीक आहे बाई, पण मॅजिस्ट्रेटची सही कुठाय?"

*

मग फोटोचं. सरकारी फोटोत तोंडावर डाग चालत नाही, असं फोटोवाल्याला कुणीतरी सांगितलेलं. त्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून माझ्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं! त्याला वाटलं, बाईंचं कामच केलं.

फोटो देवळात फिरला आणि बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंनी तर तो पदराखाली झाकला. "नवरा तिकडं सुखरूप हाय, अन् ही अशी कोऱ्या कपाळानं सरकारच्या दारात जाईन?" देवापुढची कोयरी ओढली, करंगळी बुडवली आणि फोटोतल्या माझ्या कपाळावर ओलं कुंकू टेकवलं. तीन प्रतींवर, तिन्ही वेळा देवाचं नाव घेऊन.

महिन्याने तिन्ही फोटो परत आले. शेरा होता, "छायाचित्रे डागाळलेली आहेत."

दुसऱ्यांदा फोटो काढताना काकू स्वतः फोटोवाल्याच्या काळ्या खोलीच्या दारात बसून राहिल्या. "पेन्सिल मले दे पहिले," म्हणाल्या, "मंग जा आत."

*

चौकशीला पोलीस जमादार आले. भला माणूस. दारात चपला काढल्या, पाणी प्यायले, कागद मांडला.

"पतीचं नाव?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. काकू पुढे झाल्या, "मी सांगतो ना, लिवा."

"तुमचं नाई चालत मावशी. अर्जदाराच्या तोंडून पायजे."

आता काय करावं! लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण मी ते नाव उखाण्याबाहेर कधी उच्चारलं नव्हतं. शेवटी डोळे मिटले आणि म्हटलं,

"कापसाच्या बोंडाला ऊन लागतं कोवळं,
...रावांचं पत्र येता मन होतं मोकळं!"

"वा!" जमादार म्हणाले, आणि ओळ न् ओळ लिहून घेतली.

दोन महिन्यांनी कचेरीतून पत्र. "अर्जदाराच्या पतीचे नाव कापसाच्या बोंडापासून सुरू होते असे दिसते. खुलासा करावा."

*

केंद्रातच योहानआजोबा होते. मातीची भांडी करायचे, सोमवारी हेलनबाईंबरोबर भजनाला यायचे. त्यांच्याजवळ पासपोर्टच नव्हता. नुसता एक दुमडलेला कागद, आणि त्यावर लिहिलेलं की हा मनुष्य कुठल्याच देशाचा नाही. मोडक्या मराठीत ते सांगायचे, "मी घरी बसला. देश तीन वेळा बदलला. मग घर पण नाही."

आम्हाला तेव्हा ते पटायचं नाही. माणूस घरात बसला असताना देश कसा बदलेल?

पुढच्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली. माझा अर्ज गेला होता मध्य प्रदेशच्या सरकारकडे, आणि वर्धा गेलं मुंबई राज्यात! मी उंबरा ओलांडला नव्हता. विचारायला गेले तर कारकून म्हणाले, "बाई, तुमची फाइल परक्या राज्यात राहिली."

भजनाला हे सांगितलं तशा काकू योहानआजोबांकडे वळल्या. "सरका बुवा जरासं. आमाले बी बसू द्या तुमच्या बाजूले."

आजोबा खरंच सरकले. सतरंजीवर माझ्यापुरती जागा केली. मी बसले.

*

ह्यांची पत्रं आधी चार-चार पानी यायची. मग निळा एअरमेलचा कागद येऊ लागला. मग त्यातलाही अर्धा कोरा. एकदा लिहिलं होतं, "होत नसेल तर राहू दे. किती दिवस वाट बघायची माणसाने?" 'माणसाने' म्हणजे कुणी, ते काही लिहिलं नव्हतं.

तो कागद मी देवापुढे ठेवला आणि सोळा सोमवार पुन्हा पहिल्यापासून धरले. हेलनबाई म्हणाल्या, "तुमच्या देवाला किती वेळा अर्ज करता?"

म्हटलं, "हा एकच असा आहे, जो अर्ज परत पाठवत नाही!"

*

आणि मग तो सोमवार. भजन रंगात आलेलं. देवळाच्या पायरीशी सायकल थांबली. पोस्टमन नवीन, त्या आठवड्यातच आलेला. हातात रजिस्टरचं जाड पाकीट, वर पासपोर्ट कचेरीचा शिक्का.

"या गल्लीत सुमन नावाच्या दोन बाया हायेत. नवऱ्याचं नाव सांगा, जिचं जुळन तिले देतो."

टाळ थांबले. हेलनबाईंना अर्धंच कळलं असावं, पण त्याही उठून उभ्या राहिल्या. योहानआजोबांनी मातीचे हात धोतराला पुसले. काकू कंबर खोचून पुढे आल्या, "बाप्पा, तिले कायले विचारतो? मी सांगतो ना..."

मी काकूंचा हात धरला. पोस्टमनच्या डोळ्यांत बघितलं आणि ह्यांचं नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, आडनावासकट. उखाणा नाही, काही नाही.

पाकीट माझ्या हातात आलं. सायकल गल्लीच्या टोकाला वळली.

मग काकूंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "किती गोड नाव हाय व पोराचं. आणखी एकडाव घे बरं."

मी घेतलं.