कचरूनं दाखवलेला ओढा

गावाचं नाव सांगत नाही. निमगाव केतकीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. नाव सांगितलं तर दोन्ही पॅनलची माणसं माझ्या दारात येतील, आणि त्यांना चहा पाजायची इच्छा आता मला उरलेली नाही.

कचरूला मी चाळीस वर्षं ओळखतो. मी शाळेत मास्तर होतो आणि तो ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा शिपाई. खांद्यावर पाइपलाइनचे वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी टाकून पहाटे निघायचा. कुठल्या बोळात कुठला वॉल गाडलाय, कुठली पाइप कुणाच्या ओट्याखालून गेलीय, हे पंचायतीच्या कुठल्याच कागदावर नाही. ते फक्त कचरूच्या डोक्यात. तो निवृत्त झाला तरी काही अडलं की ‘कचरूला विचारा’ हे ठरलेलं. आणि विचारलेलं त्याला फार आवडायचं. दारू नाही, तंबाखू नाही, हे एकच व्यसन. मी चिडवायचो, ‘कचरू, तुला कुणी तुझ्याच घराचा पत्ता विचारला तरी तू हात धरून नेशील.’ तो हसायचा. आता त्या चेष्टेची मला लाज वाटते.

सगळ्या गावाला पाणी सोडणाऱ्या या माणसाच्या बौद्ध वस्तीत मात्र चौथ्या दिवशी पाणी येतं. पाइप बारीक, वस्ती शेवटाला. ती पाइप बदलून घ्यायची, एवढ्या एकाच कामासाठी त्याची सून मेघना या वेळी उभी राहणार होती.

वस्तीची एक रीत आहे. निवडणुकीआधी सगळे विहारात बसतात, एक नाव ठरवतात आणि मग दुसऱ्या कुणी फॉर्म भरायचा नाही. मतं साडेतीनशे, सगळी एका वॉर्डात, त्यामुळे वस्तीचा एक मेंबर ठरलेला. अकरा जणांच्या पंचायतीत दोन्ही पॅनलचे पाच-पाच यायचे. मग हा अकरावा जिकडं, तिकडं सत्ता. चार-चार गाड्या दारात असलेले पुढारी विहाराबाहेर चपला काढून आत मांडी घालून बसलेले मी पाहिलेत. पाणी रोज नसेना का, विचारपूस तरी होती.

ही चपला काढण्याची वेळच पुढाऱ्यांना खुपत होती. एकमेकांच्या लग्नाला न जाणारी ही दोन्ही पॅनल. वॉर्ड नव्यानं पाडून घ्यायच्या या एका कामात मात्र गळ्यात गळे घालून तालुक्याला जाऊन आली.

नवीन वॉर्ड पाडायला समिती गावात आली, तेव्हा वाट दाखवायला अर्थातच कचरूला बोलावणं गेलं. एका पॅनलचे प्रमुख आबाजी बरोबर होते. वस्तीच्या मधल्या गल्लीत थांबून ते समितीच्या साहेबांना म्हणाले, ‘इथनं पूर्वी ओढा जायचा म्हणत्यात. कचरूला सगळं ठाऊक हाय.’

‘हो का?’ साहेबांनी कचरूकडं पाहून विचारलं.

झालं. एवढा मोठा माणूस आपल्याला विचारतोय! कचरू म्हणाला, ‘व्हय साहेब. ह्या सिमेंटच्या खाली हाय की. ल्हानपनी आमी हितं पवायचो.’ आणि घमेल्यात चुन्याची फक्की घेऊन त्यानं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ ओढून दिली. अगदी सरळ. गल्लीच्या अलीकडं त्याचं घर, पलीकडं थोरल्या बहिणीचं, अक्काबाईचं. मग पंचायतीत चहा झाला. पंचनामा वाचून कुणी दाखवला नाही, यानंही मागितला नाही. पंच म्हणून सही तेवढी केली. त्या संध्याकाळी तो मुद्दाम माझ्याकडं आला होता. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, हे त्याला मला सांगायचं होतं.

महिन्याभरानं पंचायतीच्या फलकावर नकाशा लागला. मधला ओढा ही नैसर्गिक हद्द, आणि त्या हद्दीवर वस्तीचे दोन तुकडे. प्रत्येक तुकड्याला मळ्यातली पाच-पाचशे मतं जोडलेली.

हरकतीचा अर्ज मी लिहिला. मागासवर्गीयांची वस्ती फोडू नये असा नियम आहे, तो वर ठळक अक्षरात घातला. मला वाटलं, एवढं स्पष्ट आहे, कोण नाकारेल? पस्तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं त्याचा हा परिणाम. सुनावणीला आम्ही तिघं गेलो, मी, कचरू आणि मेघना. साहेब सभ्य होते, खुर्च्या दिल्या. म्हणाले, ‘गुरुजी, शक्यतो फोडू नये असं आहे. इथे नैसर्गिक हद्द आहे.’

मेघना ताडकन म्हणाली, ‘साहेब, गल्ली हाय ती. वडा कुठाय तितं? येऊन बघा तुमी.’

साहेबांनी फाइलमधला पंचनामा आमच्यासमोर सरकवला. ‘ही सही कुणाची?’

कचरूनं चष्मा लावला. सही बघितली. ‘माजीच हाय,’ म्हणाला.

हरकत फेटाळली गेली. परतताना एसटीत कचरू मेघनाच्या मागच्या सीटवर बसला, शेजारी बसला नाही. निमगावला उतरताना तिनंच मागं वळून म्हटलं, ‘मामा, तुमी खोटं थोडीच बोलला? वडा व्हताच की.’ ती शिव्या देती तर त्याला बरं वाटलं असतं. मलाही.

मतदानादिवशी अक्काबाई नव्वारी नेसून, नातवाच्या मोटरसायकलवर बसून शाळेत आली. वय ऐंशीच्या पुढं. मेघनाची निशाणी कपबशी. महिनाभर म्हातारी कपबशी-कपबशी घोकत होती. तिचा वॉर्ड आता वेगळा, यंत्र वेगळं, हे तिला दहा वेळा सांगून झालं होतं. पण समोरच्या दारातली पोरगी, तिला आपण मत द्यायचं नाही, हे त्या म्हातारीच्या डोक्यात कसं शिरावं? ती बाहेर आली तेव्हा मी आणि कचरू फाटकाबाहेर उभे होतो. शाई लागलेलं बोट वर धरून ती म्हणाली, ‘कचरू, कपबशी न्हाय रं त्यात. मी वरनं खालपातूर दोनदा बगितलं.’

 

मेघनाला एकशे ब्याण्णव मतं पडली. निवडून आलेल्याला तीनशे सहा. गल्लीपलीकडं वस्तीची एकशे साठ मतं होती, ती कुठं गेली ते विचारण्यात अर्थ नाही. निकालानंतर दोन्ही पॅनलनी उपसरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतलं. विहाराबाहेर कुणाची चप्पल दिसली नाही.

पुढं उन्हाळ्यात टाकीखालचा एक वॉल बिघडला आणि अर्ध्या गावाचं पाणी बंद झालं. नव्या शिपायाला वॉल सापडेना, आणि तो सापडल्याशिवाय पंचायतीला दुरुस्ती करता येईना. दोन ठिकाणी खड्डे खणून झाले. शेवटी आबाजी स्वतः कचरूच्या दारात आले. ‘कचरू, वॉल कुठं हाय रं?’

‘मला ठाव न्हाय,’ कचरू म्हणाला.

हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. वाटलं, बसू दे बोंबलत. पण आनंद किती टिकावा? मळ्यांना बोअर आहेत, पुढाऱ्यांना टँकर. तीन दिवसांत ओरड झाली ती फक्त वस्तीत, कारण ती बारीक पाइप त्याच वॉलवर होती. चौथा दिवस, पाण्याचा दिवस, कोरडा गेला.

पाचव्या दिवशी सकाळी मी कचरूच्या ओट्यावर बसलो होतो. अक्काबाई रिकामी कळशी घेऊन गल्ली ओलांडून आली. ‘आरं, आबाजीला नगं सांगू,’ ती म्हणाली, ‘मला तर सांगशील? कुठं हाय त्यो वॉल?’

 कचरू उठला, दारामागची चावी खांद्यावर टाकली आणि पंचायतीकडं चालू लागला. तिथं आबाजी खुर्चीत बसले होते. कचरूनं दाराबाहेर चपला काढल्या, आत गेला आणि म्हणाला, ‘चला, दावतो.’