अंबाडीचा डोह

कार्तिकातलं कोवळं ऊन अंगणात उतरलं, की माझं नाक आधी सावध होतं. कुजत्या अंबाडीचा तो आंबूस, कोंदट दर्प! आर्वीकडच्या आमच्या कसब्याचा नाला जिथे वर्धा नदीला मिळतो, तिथल्या डोहात अंबाडीच्या पेंढ्या दगडांखाली दाबून सडवायच्या, म्हणजे सालीचा वाख, दोराचा धागा, पांढराशुभ्र निघतो, ही इथली जुनी रीत. वाहतं पाणी सारी घाण धुऊन नेईल, असा सगळ्यांचा भाबडा विश्वास. पण त्या पेंढ्यांनी नाल्याचं मुखच बुजलं होतं, याकडे पाहायला सवड कुणाला? आमच्या विहिरीचा दोरही त्याच वाखाचा. मग नाक मुरडायचं तरी कुणावर?

राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या जात होत्या, त्या वर्षी डोह काजळासारखा काळा झाला. मासे पोट वर करून तरंगले, खंड्या पक्षी दिसेनासा झाला. आमच्या शेजारच्या सीताबाई ढिवरणीनं जाळं आढ्याला टांगलं. पेंढ्या डोहात दाबू नका, या तिच्या विनवण्या शेतकऱ्यांनी कधी मनावर घेतल्याच नव्हत्या. पुढच्या कार्तिकातही पाणी असंच राहिलं तर घर मोडून वैनगंगेकाठी भावाकडे जायचं, असं तिनं मला शांतपणे सांगितलं. मला मात्र त्या दिवशी वर्गात शिकवणं सुचेना.

मग एका दुपारी काठावर कापसाच्या गाड्या सोडल्या, बैल पाण्यावर नेले, आणि त्या तहानलेल्या जीवांनी डोह नुसता हुंगून तोंड फिरवलं. माणसाचं न ऐकणारे लोक बैलांचं किती चटकन ऐकतात! पेंढ्या बाहेर ओढल्या गेल्या, आणि पुढच्या हंगामासाठी काठापासून दूर, शेतांच्या कडेला खड्डे खणले गेले. वाख जरा पिवळा निघेल म्हणे. निघो बापडा.

पावसाळ्यानं डोह धुऊन काढला. पुढच्या कार्तिकात मी धीर करून काठावर गेले, तर तळातले गोटे लख्ख दिसत होते आणि बाभळीच्या फांदीवर तो निळा खंड्या ध्यान लावून बसला होता. सीताबाई गुडघाभर पाण्यात उभी होती.

"बाई, आता कुठंच जात नाई मी," ती म्हणाली. "पाण्यात जीव येऊन राह्यला."

अंबाडीचा दर्प अजूनही येतो, पण खड्ड्यांकडून. तो अंगणात रेंगाळतो न रेंगाळतो, तोच दुसरा वास दाराशी येतो, सीताबाईच्या टोपलीचा. मासळी खाणं दूरच, मी त्या टोपलीकडे धड पाहतही नाही. तरी तो वास आला, की माझा जीव भांड्यात पडतो.