गाडीची चहाडी

अकोट रोडच्या फाट्यापासून थोडं आत जानरावांचं झेंडूचं वावर आहे. बायको चतुराबाई देवाघरी गेल्या तेव्हापासून घरात ते एकटेच. पण सकाळी फुलांच्या टोपल्या जीपमध्ये टाकून अकोल्याच्या बाजाराला निघाले की एकटेपण फाट्यापर्यंतच पुरायचं. तिथं भाजीवाली तानुबाई हात दाखवायची आणि मेथीची टोपली मांडीवर घेऊन पुढं चढून बसायची. जीपचं दार दोरीनं बांधलेलं, भोंगा मनात आलं तर वाजायचा. इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून दोघं भाव, सुना, कोणाच्या पोरीचं जमलं कोणाचं मोडलं, सगळं बोलत अकोला गाठायचे.

जीप थकली तसा पुण्याहून मुलगा किशोर आला. तिला भंगारात देऊन नवी गाडी दारात उभी करून गेला. "बाबा, ही सगळं स्वतःच सांभाळते."

पहिल्याच सकाळी तानुबाई टोपलीसकट बसली अन् टिंगटिंग सुरू झाली.

"हे काहून बोंबलून राहिली?"

"पट्टा लावा म्हणते."

"मांडीवर टोपली, पट्टा कुठून लावू? बांधून नेता का मले, चोरावानी?"

टोपली मागच्या सीटवर गेली, तर गाडीला तीही माणूसच वाटली. तिलाही पट्टा पाहिजे झाला. अकोला येईस्तोवर बोलणं कमी, टिंगटिंग जास्त. दुसऱ्या दिवशी तानुबाई ऑटोत बसलेली दिसली.

"राग नका मानू, भाऊ. तुमच्या गाडीत मन मोकळं होत नाही."

गाडीला आणखी एक खोड होती. ती किशोरच्या मोबाइलवर चहाड्या सांगायची. एकदा बाभळीपाशी कुत्रं आडवं आलं, जानरावांनी ब्रेक दाबला, तर लगेच फोन. "बाबा, एवढ्या जोरात ब्रेक? बरे आहात ना?"

"गाडी हाये का सासू?" जानराव चिडले. "माया मांगं कायले पाळत ठेऊन राहिली हे?"

किशोर हसला. मुलगा वाईट नव्हता, कामात बुडालेला होता. एरवी फोन सणावारी यायचा. पण पोळा गेला, गणपती उठले, तरी यंदा सणाचा फोन नाही.

एका सकाळी रस्ता रिकामा होता. बाजूची सीट रिकामी होती. जानरावांनी आरशात पाहिलं, मागं कोणी नव्हतं. त्यांनी ब्रेक दाबला. टोपल्या पुढं घसरल्या. समोर लावलेल्या गजानन महाराजांच्या फोटोकडे बघायची त्यांना लाज वाटली. तेवढ्यात फोन वाजला.

"काय झालं, बाबा?"

"कुत्रं होतं."

"जेवता ना वेळेवर?"

"हो. तू?"

"हो, हो. बरं, ठेवतो."

त्या दिवशी त्यांना अर्धी भाकर जास्त गेली. पुढं त्या बाभळीपाशी कुत्रं वरचेवर आडवं येऊ लागलं.

दसरा तोंडावर आला असताना जानरावांनी पुन्हा तसाच ब्रेक दाबला, तेव्हा किशोर फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्हाला कटकट होते म्हणत होता ना? गाडीचं हे कळवणं मी आज बंदच करून टाकतो."

जानरावांनी गाडी कडेला घेतली. "नको करू बंद."

"का?"

"तिच्या चहाडीपाई तरी तुया फोन येते."

पलीकडून हळूच आवाज आला, "बाबा, ते कुत्रं..."

"कुत्रं नव्हतं," जानराव म्हणाले. "ठेव. तुले काम असन."

फोन त्यांनीच ठेवला. खाली उतरून टोपल्या नीट लावल्या, सांडलेली फुलं वेचली. पायाखाली आलेली बाजूला काढली, ती देवाला चालत नाहीत. मग आत येऊन बसले. दार अर्धंच लागलं होतं. गाडी ओरडायला लागली.

जानरावांनी तिला थोडा वेळ ओरडू दिलं.