तळहाताएवढी जागा रंग घेईना

आधीच सांगते, मी असल्या भानगडींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अंबडच्या एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे... रंगाचा थर पत्र्यावर का टिकतो आणि का फाटतो, हे बघण्याचाच पगार घेते. त्यात स्वभाव संशयी. काही बिघडलं की मी भूत नाही शोधत, माणूस शोधते. आणि बहुतेक वेळा सापडतोच!

तर दादाची जुनी स्कूटर. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, एकलहऱ्याला नोकरीला होता, दोन वर्षांपूर्वी अटॅकने गेला. नाशिक रोडच्या घरात आता वहिनी आणि मी. गाडी पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली. दादाच्या एका मित्राने मागितली, मी म्हटलं रंगवून देऊ. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "बघा तुम्ही." एवढंच. मला ते खटकलं.

जेल रोडच्या रफिकभाईंनी सगळा जुना रंग खरवडून गाडी नव्याने रंगवली. झकास! फक्त डाव्या साइड पॅनलवर, तळहाताएवढ्या एका जागी, रंग धरेना. ओला थर मध्येच फाटायचा, कडेला गोळा व्हायचा, आत कोरा पत्रा. रफिकभाई म्हणाले, "देखो ताई, कुणीतरी तेल नाहीतर पॉलिश चोळलंय. घासून परत मारतो." मारला. परत तेच.

आता यात अमानवीय काही नाही बरं का. पत्र्यावर तेलाचा नुसता अंश असला तरी रंग तिथून पळतो. नॉनस्टिक तव्यावर पाणी पसरत नाही, तसंच. पण खरवडल्यावर, रंग मारायच्या आधी दोन दिवस ते सुटं पॅनल आमच्या गॅलरीत होतं. आणि वहिनींच्या हाताला कायम खोबरेल! माझ्या मनात पाल चुकचुकलीच. गाडी द्यायची नाही तर तोंडाने सांगा ना... हे काय?

पॅनल मी लॅबला नेलं. स्वतः घासलं, सॉल्व्हंटने धुतलं, हातमोजे घालून. थरही मुद्दाम जाड दिला – फाटतो तो सहसा पातळ थर. भर दुपारी समोर उभी राहून बघत होते. मिनिटभर रंग अगदी गुळगुळीत. मग त्याच जागी टाचणीएवढं भोक पडलं... रुंदावत गेलं, कडेला रंगाचा बांध उभा राहिला... आणि तळहाताएवढं झाल्यावर थांबलं. शप्पथ सांगते, अंगावर काटा आला. तेल असतं तर बारीक बारीक दहा ठिकाणी फाटलं असतं. एकाच जागी, दर वेळी तेवढंच? कसं शक्य आहे!

तरी संशय जाईना. पत्र्यात तेल मुरत नाही हे नव्या पोरींना मीच शिकवते, आणि मीच घरी जाऊन वहिनींपुढे पॅनल आपटलं. "तेल चोळलंत ना तुम्ही?"

वहिनी भडकल्याच. "मी? अहो ताई, मला ती गाडी दारात नकोय! जिना उतरलं की तीच समोर... जीव तुटतो माझा. 'न्या एकदाची' म्हटलं तर तुम्हाला काय वाटेल, म्हणून गप्प बसले."

त्यांनी पॅनल उचललं, ती जागा बघितली आणि ते मांडीवर घेऊन खाली बसल्या.

"इथे हात टेकून उठायचे हे... खाली बसून बुटाची लेस बांधली की. गुडघा दुखायचा ना. तुम्ही तोवर कंपनीच्या बसने गेलेल्या असायचात, तुम्ही कुठे बघितलंय?"

खरंच, मी कधीच बघितलं नव्हतं.

गाडी दिली नाही, पॅनल तसंच परत बसवलं. वहिनीच म्हणाल्या, राहू दे. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, पण त्या उघड्या पत्र्यावर गंजाचा ठिपका नाही. परवा वहिनी चपलेचा पट्टा लावून उठताना तिथे हात टेकताना दिसल्या. झालं, मला परत संशय – ह्याच तेल लावत असणार! त्या गेल्यावर टिश्यूने घासून बघितलं. कोरडं ठणठणीत.

मग मीही हात टेकवून बघितला. त्या जागेत माझा हात लहान पडला. बराच वेळ तसाच ठेवला, उचलवेना...

कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. फक्त तेल म्हणू नका. ते मी बघितलंय.