सहाचा चौकोन

हॉस्पिटलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला, ‘आपल्या परिवारातील ज्येष्ठ सदस्य जुबेदा सिस्टर यांचे दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. परिवार म्हणे! हाच परिवार दोन नर्सच्या जिवावर तीस खाटांचा वॉर्ड चालवतो आणि परिचारिका दिनाला प्रत्येकीच्या हातात एक गुलाब टेकवून मोकळा होतो. शोकसभेत मॅनेजरसाहेब सेवाभावावर वीस मिनिटं बोलले. तिला त्यांनी उभ्या नोकरीत एकदाच केबिनमध्ये बोलावलं होतं, तेही मेमो द्यायला. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते... मान डोलवत.

त्या मेमोचं सांगते. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. वळवलं की खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर त्या वेळेच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. आम्ही सगळ्याजणी ड्युटीवर आलो की आधी आठ तासांच्या खुणा करून टाकायचो आणि मग कामाला लागायचो. वेळ होता कुणाला? जुबेदा मात्र आधी पेशंटला वळवायची, पाठीवरून हात फिरवून बघायची आणि मगच पेन उघडायची. जमलं नाही, तर चौकोन रिकामा. हडपसरहून दोन बस बदलून यायची बाई, पण तिच्या पेशंटच्या पाठीला मी कधी जखम पाहिली नाही.

एकदा तपासणीची मंडळी आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब, आणि एकानेही कुणा पेशंटचं पांघरूण उचलून पाहिलं नाही. कागद तेवढे पाहिले. माझे तक्ते गच्च भरलेले, म्हणून मला शाबासकी आणि वर नव्या मुलींना शिकवायचं काम. तिला मेमो.

“हे चौकोन रिकामे का?” साहेबांनी विचारलं.

“तेव्हा वळवलं नाही म्हणून, साहेब. एकटी होते. अजून दोघी द्या, सगळे भरून दाखवते.”

साहेबांनी दोघी काही दिल्या नाहीत. प्रवेशद्वारात कारंजं मात्र बसवलं, ते अजून छान उडतं. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, “अगं, एक खूण करायला तुझं काय जातं?”

“माझं काही जात नाही, लता. पेशंटची पाठ जाते.”

स्वतःला फार शहाणी समजते, असं मी कोथरूडला घरी पोचेपर्यंत मनात म्हणत होते.

आम्ही दोघी निवृत्त झालो आणि दोन वर्षांत तिला पक्षाघात झाला. भरती त्याच वॉर्डात. मी भेटायला गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सवयीने तक्ता पाहिला. सहाच्या चौकोनातसुद्धा खूण! तिची मुलगी समीना आणि मी, दोघींनी मिळून तिला वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम... मी तणतणत नर्सकडे गेले. बावीस पेशंट आणि ती एकटी.

“लाज नाही वाटत खोट्या खुणा करायला?”

तिचे डोळे भरून आले. “सिस्टर, तुम्हीच शिकवलंत ना? आधी तक्ता भरून घ्या, मग कामाला लागा.”

मी तशीच खाटेजवळ परत आले. जुबेदाने सगळं ऐकलं होतं. वाकड्या झालेल्या तोंडाने ती सावकाश म्हणाली, “तिला... नको रागावू.” कुणाला रागवायचं ते तिने सांगितलं नाही. पुढे जखम चिघळली, ताप चढला तो उतरलाच नाही.

याला आता दीड महिना झाला. मागच्या आठवड्यात समीना हॉस्पिटलचे कागद घेऊन आली होती. “मावशी, यात तर सगळ्या खुणा आहेत. मग अम्मीला जखम झाली कशी?”

“बघून सांगते,” मी म्हटलं. काय बघायचं होतं, कपाळ! साहेबांना इतकी नावं ठेवते मी, पण निदान त्यांना तरी पेशंटला कुशीवर वळवता येत नव्हतं. मला येत होतं.

तो तक्ता माझ्या टेबलावर आहे. त्यात एकही चौकोन रिकामा नाही. समीना, हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापून येतंय ती तुझ्याकडे येते, म्हणून इथेच सांगते. तुझ्या अम्मीला कुणी वळवलं नव्हतं. आणि न वळवता खूण करायला त्या मुलीला मी शिकवलं होतं.