काचेवरच्या भुवया

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय.

धुळ्यात माझा फोटोचा स्टुडिओ होता. काचेच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून मी चेहरे साफ करायचो — देवीचे व्रण बुजवायचे, भुवया कोरायच्या, नाक सरळ करायचं. गिऱ्हाईक खूश! हात इतका बसलेला, की न विचारता चालायचा.

पारोळ्यात दरोडा पडला, खून झाला. दरोडेखोर फरारी, त्याचा जुना फोटो माझ्याकडचाच निघाला. पुढे फौजदारांनी पिंपळनेरचा एक मजूर पकडला आणि त्याचाही फोटो मलाच काढायला लावला. दोन्ही फोटो शेजारी ठेवून मीच छाती फुगवून म्हणालो, "साहेब, तोच हा!" कशाला म्हणालो? कोणी विचारलं होतं?

खटल्यापर्यंत तो मजूर तुरुंगात पार वाळून गेला होता, ओळखू येईना. म्हणून कोर्टात फोटोच पुढे आले. साक्षीला उभा राहून मी ते पुन्हा पाहिले. भुवया हुबेहूब सारख्या. पण त्या माझ्या होत्या हो! दोन्ही काचांवर माझाच हात चालला होता.

जज्जांनी विचारलं, "सारखा दिसतो, की तोच आहे?"

सारखा दिसतो — एवढंच खरं होतं. तसे सारखे तर धुळ्यापासून पार असोद्यापर्यंत गावोगाव कितीतरी निघाले असते. पण समोर फौजदार बसलेले. आता शब्द फिरवला तर मलाच आत टाकतील... माझी पाचावर धारण बसली.

"भाऊ, तो मी नही. नीट देखा," आरोपीच्या पिंजऱ्यातून तो म्हणाला.

मी तिकडे पाहिलंच नाही. "तोच आहे. शंकाच नाही," म्हणालो.

त्याला काळं पाणी झालं.

नंतर त्याची बायको स्टुडिओत आली. नवऱ्याचा फोटो द्या म्हणाली. माझ्याकडे होता तो दिला. तिने पाहिला, पदराने पुसून पुन्हा पाहिला. "हाऊ मना मालक नही, भाऊ," म्हणाली, आणि फोटो तिथेच ठेवून गेली.

त्या फोटोची काच माझ्याकडेच होती; उजेडात धरली की पेन्सिलीची रेघन् रेघ दिसायची. कोर्टात नेली असती तर? तो मजूर अजून जिवंत होता, सुटला असता.

मी दार लावून घेतलं, काच फरशीवर आपटली आणि तुकडे जोड्याखाली चुरले.