विमलबाईंचा गोरा फोटो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, ह्यांना तर नाहीच. आणि जिला सांगायलाच हवं होतं, तिला — पण थांबा. तिथे एकदम जाववत नाही मला. आधी कॅमेऱ्याचं सांगते. कॅमेऱ्याचं सांगणं सोपं आहे.

आम्ही तेव्हा आष्टीला राहत होतो. हे तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. ह्यांचा मामेभाऊ जर्मनीला कारखान्याचं काम शिकायला गेला होता, त्याने येताना ह्यांच्यासाठी कॅमेरा आणला. साधा नाही — आपोआप उजेड मोजणारा. तसला कॅमेरा आमच्याकडे कुणी पाहिलाच नव्हता. लोक नुसता बघायला यायचे आणि चहा पिऊन जायचे.

त्याच्या कपाळावर एक काच होती, बारीक बारीक फुगवट्यांची, मधमाशीच्या पोळ्यासारखी. त्या काचेवर जेवढा उजेड पडेल त्या हिशेबाने कॅमेरा आपलं भोक लहान-मोठं करायचा. उजेड पुरेसा असला की आत हिरवी खूण दिसायची, कमी असला की लाल. ह्यांनी मला अंगणात उभं करून सगळं समजावलं होतं. मग काचेवर बोट धरून दाखवलं — "हे पाह्य, आता त्याले वाटते अंधार झाला. मग तो जास्त उजेड आत घेते, अन् फोटो जळते. पांढराफट्ट होते." किती हौसेने सांगत होते! मीही हौसेनेच ऐकलं.

मी ऐकलं होतं. मला कळत होतं. हे लक्षात ठेवा.

विमलबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या. रंगाने चांगल्याच सावळ्या, पण चेहरा असा रेखीव की नजर तिथे थांबायची. लग्न झालेलं नव्हतं, आणि त्या काळच्या मानाने वय उलटून चाललं होतं. वडिलांना सगळे नाना म्हणत, कचेरीतून निवृत्त झालेले. बापलेक दोघंच राहायची. आमचं जाणं-येणं होतं, पण बेताचंच.

एक दिवस ह्यांचा सदरा धुवायला काढताना खिशात फोटो सापडला. विमलबाई. पायरीवर बसलेल्या, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या. म्हणजे कॅमेरा धरणाऱ्याकडेच ना? मी विचारलं तर हे म्हणाले, शाळेच्या कामाचा आहे. आणि फोटो काढून घेतला माझ्या हातातून — जरा घाईनेच. ह्यांना खोटं बोलता येत नसे. कान लाल व्हायचे. तेव्हाही झाले.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. हे शाळेतून उशिरा आले की मी चेहरा बघायची. कॅमेरा घेऊन बाहेर पडले की कुठे, कशाला — विचारायची नाही, नुसती हिशेब करायची. शेजारणीने सहज सांगितलं, "मास्तर नानाच्या वाडीत फोटो काढून राह्यले होते." सहज? का मुद्दाम? मला तर तिच्याही आवाजात काही तरी ऐकू आलं. माझा एक तरी फोटो कुणी असा पायरीवर बसवून काढला होता का? माझे सगळे घरच्या माणसांच्या रांगेत, डोक्यावर पदर घेतलेले.

विचारलं का नाही मी सरळ?

मी काय केलं ते आता सांगते. घरी पाडलेलं काजळ होतं. ते बोटावर घेतलं आणि कॅमेऱ्याच्या त्या काचेवर चोळलं. मग फडक्याने वरून पुसून घेतलं. फुगवटे स्वच्छ झाले, मधल्या खाचांत काजळ बसून राहिलं. काच मुळातच आतून काळपट दिसायची, कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. हे आंघोळ करत होते. मी हात धुतले आणि ह्यांचं पान वाढलं.

पुढचे सगळे फोटो बिघडले. चेहरे पिठात बुडवल्यासारखे. हे चक्रावून गेले. आधी वाटलं फिल्म जुनी असेल, मग दुसरी आणली. मग फिल्मच्या वेगाचा आकडा चुकीचा लावला असेल म्हणून ते चाक फिरवून पाहिलं. कानाशी धरून कॅमेरा हलवायचे, आतला काटा अडकला की काय म्हणून. आभाळाकडे धरायचे, मग खाटेखाली धरायचे. "सावलीत आधी हिरवं दाखवत होता, आता लाल काऊन दाखवते?" आर्वीच्या फोटोवाल्यावरही संशय घेतला — तो फिल्म औषधात जास्त वेळ ठेवतो म्हणून त्याच्याशी भांडून आले. मी भाजी निवडत हे सगळं बघत होते. खरं सांगू? बरं वाटत होतं.

त्या बिघडलेल्यांत विमलबाईंचा एक फोटो मात्र वेगळा आला. मुळात सावळ्या, म्हणून जास्तीच्या उजेडाने चेहरा जळला नाही, नुसता उजळला: नाक-डोळे स्पष्ट, आणि रंग — गोरापान. फोटोवाला खूश, नाना तर हरखूनच गेले. हे मात्र तो फोटो हातात घेऊन बसून राहिले. आणि मग, त्या संध्याकाळी, आपणहून मला सांगितलं.

नागपूरचं स्थळ होतं. मुलाकडच्यांनी आधी फोटो मागवला होता. याआधी विमलबाईंना बऱ्याच ठिकाणी नकार आलेले, म्हणून पक्कं होईपर्यंत गावात कळू नये अशी नानांनी ह्यांना शपथ घातली होती. "पायरीवरचा फोटो नानाले आवडला नाई, काळी दिसते म्हणे. अन् हा आवडला. पण हा रंग खरा नाई. कॅमेऱ्याले काय झालं, मले काई समजून नाई राह्यलं."

हे माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मी बोलले असते तर? काच पुसली असती, दुसरा फोटो काढला असता, एवढंच तर होतं. ह्यांनी मला चार शब्द सुनावले असते. पण मग तुझ्या मनात माझ्याबद्दल काय आलं होतं, हेही विचारलं असतं. ते सांगायची मला लाज वाटली.

मी म्हटलं, "मले काय समजते त्यातलं? नानाले आवडला ना, मग पाठवून द्या."

पाठवून द्या — हे मी म्हटलं.

मंडळी बघायला आली तेव्हा नानांच्या घरात बाईमाणूस नाही म्हणून मलाच बोलावलं होतं. पोहे मी केले. विमलबाईंच्या केसांत गजरा मी माळला. बाहेर येऊन त्या पाटावर बसल्या, आणि मुलाच्या आईने पिशवीतून फोटो काढला. एकदा फोटोकडे, एकदा विमलबाईंकडे. मग त्या उठल्या आणि फोटो विमलबाईंच्या गालाशी नेऊन धरला. सगळ्यांसमोर.

"फोटोत दाखवली ते पोरगी कोणती, अन् समोर बसली ते कोणती? आम्हाले फसवाले बोलावलं का इथं?"

नाना काहीबाही बोलायला लागले. विमलबाईंनी मान वर केली आणि शांतपणे म्हणाल्या, "फोटोतही मीच आहो. पटत नसन तर राहू द्या."

मंडळी उठली. पोहे तसेच राहिले. दारात नाना ह्यांच्याकडे वळले, "मास्तर, तुम्ही फोटोत काय केलं? काऊन केलं असं? माझ्या पोरीची शोभा केली तुम्ही."

मी ह्यांच्या शेजारीच उभी होते.

पुढे ते गावात पसरलं. मास्तरने फोटोत लबाडी केली इथवर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मास्तरकडे त्या बाईचे इतके फोटो कशाला, हेही लोक बोलायला लागले. माझ्या मनात होतं तेच, आता पारापारावर. मुख्याध्यापकांनी ह्यांना बोलावून विचारलं. हे घरी आले, जेवले नाहीत. कॅमेरा घेऊन बसले आणि दाभणाला कापूस गुंडाळून एकेक खाच कोरू लागले. कापूस काळा झाला. तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

"चुलीचा धूर असन. घरभर तर धूर असते."

हे माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले — नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. ओळखलं होतं का त्यांनी? पुढे संसाराची सगळी वर्षं मी हाच विचार करत काढली. ह्यांचा आवाज जरा बदलला की वाटायचं, आता विचारणार. विचारलं नाही. मी ह्यांच्यावर घेतलेला संशय थोडे दिवस टिकला. ह्यांनी माझ्यावर घेतला की नाही, हा संशय मात्र जन्मभर पुरला.

हे तसेच उठून नानांकडे गेले. चुलीच्या धुराने काच काळी झाली होती, म्हणून रंग उजळ आला, असं सांगायला. माझं खोटं, त्यांनी खरं समजून — किंवा खरं समजल्यासारखं करून — त्या दारात उभं राहून सांगितलं. काच काळी झाली म्हणून पोरगी गोरी दिसली! कोण विश्वास ठेवणार? नानांनी दार लावून घेतलं.

विमलबाईंनी बदली मागून घेतली आणि वडिलांना घेऊन रोहण्याला गेल्या. लग्न झालं नाही. ह्यांनी कॅमेरा मामेभावाला परत देऊन टाकला. आमच्या मुलीचे लहानपणचे फोटो आमच्याकडे नाहीत.

हे गेले तेव्हा विमलबाई भेटायला आल्या होत्या. केस पांढरे झालेले, पण पाठ ताठ. माझा हात धरून बसल्या. म्हणाल्या, "लोक काईही बोलले. बाबाही बोलले. पण मले गुरुजींवर कधी शंका आली नाई. त्या माणसाले खोटं जमतच नव्हतं."

मी चहा ठेवायला आत गेले. चहा उतू गेला, पुन्हा ठेवला. मग बसपर्यंत त्यांना सोडायला गेले. बसला उशीर होता, आम्ही दोघीच बाकावर बसलो होतो. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. मी त्यांना रोहण्याला पाऊसपाणी कसं आहे ते विचारलं.

गेल्या वर्षी त्याही वारल्या. आता रागावणारं कुणी उरलं नाही, म्हणून सांगते आहे.